इंग्रजी अर्जात ‘हाय टाइड लाइन’ कशी लिहावी: कोकण किनाऱ्यावरील जमीनमालकांसाठी

अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत किनाऱ्यालगत घर बांधू पाहणाऱ्यांना सीआरझेडच्या (किनारा नियमन क्षेत्राच्या) प्रकरणात जो अर्ज, खुलासा किंवा प्रतिज्ञापत्र इंग्रजीत द्यावे लागते, त्यात ‘हाय टाइड लाइन’ (भरतीची रेषा) हा शब्दप्रयोग हमखास येतो आणि पुष्कळदा चुकीचा येतो. चूक वरवर पाहता व्याकरणाची वाटते, परंतु तिच्यामुळे जमीन त्या रेषेच्या कोणत्या बाजूला आहे, किती अंतरावर आहे आणि ते अंतर कोणत्या नकाशावरून काढले आहे, यांपैकी काहीच कार्यालयाला कळत नाही. मग त्रुटीपत्र येते आणि पावसाळ्यापूर्वी उरकायचे काम पुढच्या हंगामावर जाते.

परवानगी मिळेल की नाही, हा या लेखाचा विषय नाही. हे तीन इंग्रजी शब्द औपचारिक कागदात कोणत्या क्रमाने तयारी करून आणि कशा वाक्यात लिहावेत, एवढेच येथे सांगितले आहे. आधी वाक्य लिहायचे आणि नंतर त्यात बसेल असे अंतर शोधायचे, या उलट्या क्रमातून निम्म्या चुका जन्माला येतात, त्यामुळे टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्यावेत.

पूर्वतयारी

लिहायला बसण्यापूर्वी सातबाराचा ताजा उतारा, भूमी अभिलेख कार्यालयाकडील मोजणीची ‘क’ प्रत, वास्तुविशारदाने काढलेला स्थळ-आराखडा आणि आपल्या गावाचा किनारा क्षेत्र व्यवस्थापन आराखडा, म्हणजे ज्याला सारे ‘सीझेडएमपी’ म्हणतात तो, समोर असावा. हा आराखडा महाराष्ट्र सागरी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर पाहता येतो. जमीन सीआरझेडमधील एखाद्या पट्ट्याच्या सीमेच्या अगदी जवळ असेल, तर प्राधिकृत संस्थेकडून करून घेतलेला १:४,००० प्रमाणाचा नकाशाही लागतो. सीआरझेडच्या अधिसूचनेचा इंग्रजी मजकूर जवळ ठेवावा, कारण जे शब्द वापरायचे आहेत ते तिच्यातलेच हवेत.

तपासणी: सातबारावरील सर्व्हे किंवा गट क्रमांक व हिस्सा क्रमांक ‘क’ प्रतीवरील क्रमांकांशी जुळतो का, हे आधी पाहावे. जुन्या पोटहिस्स्यांच्या जमिनीत हा मेळ बसत नसेल, तर पुढील सर्व श्रम वाया जातात.

टप्पा १: रेषा म्हणजे काय, हे पक्के करणे

२०१९ च्या अधिसूचनेनुसार हाय टाइड लाइन म्हणजे उधाणाच्या भरतीत पाण्याची सर्वांत वरची कड जमिनीवर जिथवर पोहोचते ती रेषा, आणि तीही चेन्नईच्या नॅशनल सेंटर फॉर सस्टेनेबल कोस्टल मॅनेजमेंट या संस्थेने ठरलेल्या पद्धतीने आखलेली. व्याख्येचा पूर्वार्ध किनाऱ्यावरच्या माणसाला शिकवावा लागत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराचे उधाण आणि अष्टमीच्या सुमाराचा भांग यांतला फरक त्याला लहानपणापासून ठाऊक असतो. अडते ते उत्तरार्धापाशी. पुळणीवर शेवाळ आणि काटक्या-कचरा साचून जी रेघ दिसते ती डोळ्यांना कितीही स्पष्ट असली, तरी अर्जापुरती ती हाय टाइड लाइन नव्हे. अर्जातली रेषा नकाशावर असते, आणि किनारा दर वर्षी वाळू खातो वा टाकतो म्हणून ती अर्जदाराने आपल्या मनाने सरकवायची नसते.

याच शब्दाच्या आसपासचे पाच शब्द लोक तिच्या जागी वापरतात. नुसते ‘हाय टाइड’ म्हणजे भरती, ही घटना आहे. घटनेपासून मीटरमध्ये अंतर मोजता येत नाही. भरतीच्या कोष्टकात दिलेली मीटरमधील उंची ही ‘हाइट’ आहे आणि ती नाविक नकाशाच्या आधारपातळीपासून धरलेली असते. ‘मीन सी लेव्हल’ म्हणजे समुद्रसपाटी, जिच्यावरून डोंगरांची उंची सांगतात. ‘लो टाइड लाइन’ ही ओहोटीची रेषा असून तिच्या आणि भरतीच्या रेषेच्या मधला पट्टा सीआरझेडच्या ‘एक ब’ या उपवर्गात मोडतो. ‘हॅझर्ड लाइन’ ही सर्व्हे ऑफ इंडियाने आखलेली धोक्याची रेषा आहे. ती आपत्ती व्यवस्थापनासाठी आहे आणि बांधकामाचे अंतर तिच्यापासून मोजले जात नाही. ती आणि हाय टाइड लाइन या दोन्ही रेषा नकाशाच्या एकाच पत्रकावर असू शकतात, म्हणून रंग आणि खूण सूचीत पाहूनच बोट ठेवावे.

सावधान: ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धन, दिवेआगर, हर्णे भागात ज्यांनी पाणी आत आलेले पाहिले, ते ‘पाणी इथपर्यंत आले होते’ असे सांगतात आणि तेच अर्जात हाय टाइड लाइन म्हणून उतरते. वादळाचे किंवा मृगातल्या खवळलेल्या समुद्राचे पाणी म्हणजे उधाणाची भरती नव्हे. असे लिहून अर्जदार आपली जमीन स्वतःच्याच हाताने रेषेच्या आत ढकलतो.

खाडीकाठच्या लोकांचा गैरसमज नेमका उलटा असतो. बाणकोट, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग या खाड्यांच्या काठांवरही हाय टाइड लाइन आहे. समुद्र दिसत नाही म्हणून ‘नॉट ॲप्लिकेबल’ लिहू नये. भरतीचा प्रभाव कुठवर, हे वर्षातील सर्वांत कोरड्या काळात पाण्याची क्षारता हजार भागांत पाच भाग आहे की नाही, यावरून ठरते. पाणी चवीला गोडसर लागते एवढ्यावरून नाही. खारबांध किंवा उघाडी (पाणी सोडण्या-अडवण्याचे बांधातले दार) १९ फेब्रुवारी १९९१ पूर्वीची असेल, तर २०१९ च्या अधिसूचनेनुसार रेषा त्या बांधाशी किंवा उघाडीशी थांबते. मात्र बांध फुटून अथवा झिरपून आत आलेल्या खाऱ्या पाण्यामुळे पलीकडे कांदळवन वाढले असेल, तर ते क्षेत्र कितीही लहान असले तरी ‘एक अ’ या सर्वांत संवेदनशील उपवर्गात जाते. खाजण जमीन असणाऱ्याने बांधाच्या वयाचा पुरावा आधी मिळवावा आणि मगच त्या वाक्याला हात घालावा.

टप्पा २: अधिसूचना आणि नकाशा यांची जोडी जुळवणे

सीआरझेडच्या अधिसूचना तीन आहेत: १९ फेब्रुवारी १९९१ ची, ६ जानेवारी २०११ ची आणि १८ जानेवारी २०१९ ची. रेषेचे नाव तिन्हींत तेच असले, तरी तिच्यापासून मोजायची अंतरे एक नाहीत. खाडीकाठी २०११ मध्ये १०० मीटर किंवा खाडीची रुंदी यांपैकी कमी असेल ते अंतर होते, तर २०१९ मध्ये १०० च्या जागी ५० आले. समुद्राच्या बाजूला सीआरझेडची हद्द ५०० मीटर आहे. ग्रामीण भागातील ना-विकास क्षेत्र मात्र २०१९ च्या अधिसूचनेत दोन प्रकारचे झाले: २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्येची घनता चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा जास्त असलेल्या सीआरझेड तीन-अ गटात ५० मीटर आणि त्याहून विरळ वस्तीच्या तीन-ब गटात २०० मीटर.

नव्या अधिसूचनेतील सवलतीची अंतरे तिच्यानुसार आराखडा तयार होऊन मंजूर झाल्यावरच लागू होतात. वर्तमानपत्रात ‘आता ५० मीटर’ असे वाचून तीन-ब गटातल्या गावाच्या अर्जात ५० लिहिणारे कमी नाहीत. गाव कोणत्या गटात, हे आराखड्यावरून घ्यावे, शेजाऱ्याच्या सांगण्यावरून नव्हे.

तपासणी: नकाशाच्या पत्रकावर कोणत्या अधिसूचनेचे वर्ष छापले आहे ते पाहावे आणि अर्जात तेच वर्ष लिहावे. २०११ च्या नकाशावरून मोजलेले अंतर आणि २०१९ च्या अधिसूचनेचा उल्लेख एका वाक्यात आले, तर ते वाक्य कोणालाही तपासता येत नाही.

अर्ज कोणाच्या हाती पडणार, हेही या टप्प्यावर ठरवावे. स्वतःच्या राहण्यासाठीचे, एकूण ३०० चौरस मीटरपर्यंत बांधकामाचे घर असेल, तर २०१९ च्या अधिसूचनेत प्राधिकरणाची शिफारस न घेता स्थानिक नियोजन प्राधिकरणाने मंजुरी देण्याची तरतूद आहे, अर्थात अधिसूचनेच्या निकषांवर प्रस्ताव तपासूनच. अशा प्रकरणात मजकुरातली संदिग्धता दूर करायला वर तज्ज्ञांची बैठक बसत नाही, म्हणून लहान घराच्या अर्जात शब्द अधिकच काटेकोर हवेत. लोक नेमके उलटे वागतात.

टप्पा ३: अंतर काढणे

१:२५,००० प्रमाणाच्या नकाशावर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे २५ मीटर. २०० मीटरचा पट्टा तेथे जेमतेम आठ मिलिमीटरचा दिसतो आणि पेन्सिलीची अर्ध्या मिलिमीटरची रेघसुद्धा साडेबारा मीटर खाते. अशा नकाशावर पट्टी ठेवून ‘घर २०३ मीटरवर आहे’ असे लिहिणे म्हणजे नसलेली अचूकता अंगावर घेणे होय. १:४,००० प्रमाणात एक मिलिमीटर म्हणजे चार मीटर, आणि २०० मीटर म्हणजे पाच सेंटिमीटर. सीमेजवळच्या जमिनीसाठी हाच नकाशा हवा आणि त्यावर प्राधिकृत संस्थेने आपली मोजणीची हद्द बसवून दिलेली हवी. चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाची इन्स्टिट्यूट ऑफ रिमोट सेन्सिंग ही अशा संस्थांपैकी एक. अंतर त्या संस्थेने नकाशावर किंवा अहवालात लिहून दिले असेल, तर तोच आकडा उचलावा. आपली पट्टी बाजूला ठेवावी.

सावधान: झेरॉक्सवर कधीही मोजू नये. ए-तीन आकाराचा कागद ए-चारवर आणला की लांबी सुमारे ७१ टक्के होते, त्यामुळे पाच सेंटिमीटरचे साडेतीन होतात आणि २०० मीटरवरची जमीन १४० वर आल्यासारखी दिसते. नकाशावर छापलेली मोजपट्टी प्रत काढताना सोबत आक्रसते, म्हणून प्रतच वापरावी लागली तर प्रमाणाचा आकडा सोडून त्या पट्टीशी ताडून पाहावे.

मोबाइलवरील उपग्रहचित्रात निळ्या पाण्याच्या कडेपासून ओढलेली रेघही चालत नाही. चित्र भरतीला टिपले की ओहोटीला, याचा पत्ता नसतो आणि सपाट पुळणीवर तेवढ्याने कित्येक मीटरचा फरक पडतो.

अंतर आडवे आणि सर्वांत जवळचे धरावे. पाखाडीने किंवा रस्त्याने चालत जाण्याचे नव्हे. रत्नागिरी-राजापूरकडच्या सड्यांवर या बाबतीत फसगत होते. घर कड्यावर असते, समुद्र खाली चाळीस मीटरवर असतो, आणि मालक ‘वेल अबव्ह द हाय टाइड लाइन’ असे लिहून मोकळा होतो. रेषा कड्याच्या पायथ्याशी असली आणि घर तिच्यापासून आडव्या मापाने साठ मीटरवर असले, तर अर्जाच्या दृष्टीने ते साठ मीटरवरच आहे. उंचीने अंतर वाढत नाही.

दोन अंतरे नोंदवावीत: जमिनीच्या समुद्राकडील हद्दीचे आणि प्रस्तावित बांधकामाच्या सर्वांत जवळच्या कोपऱ्याचे. पडवी, ओटा, जिना यांचा कोपराही यात आला. खाडीकाठी असाल, तर जमिनीसमोरच्या खाडीची रुंदीही नकाशावरून नोंदवावी, कारण रुंदी ३० मीटर असेल तर २०१९ च्या नियमाने हद्द ५० नव्हे, ३० मीटर होते. ‘व्हिचेव्हर इज लेस’ या शब्दांच्या जागी ‘व्हिचेव्हर इज मोअर’ लिहिलेले अर्ज आढळतात. सुरक्षित दिसावे म्हणून केलेला हा बदल नियमच उलटा करतो.

टप्पा ४: वाक्य बांधणे

वाक्यात चार गोष्टी एकत्र हव्यात: कशाचे अंतर, किती, रेषेच्या कोणत्या बाजूला आणि कोणत्या नकाशानुसार. हाय टाइड लाइन हा शब्द यांच्यावाचून सुटा पडला की वाक्य लटके पडते.

चुकीचे: ‘माय प्लॉट इज २१० मीटर्स अवे फ्रॉम हाय टाइड.’

योग्य: ‘द नियरेस्ट पॉइंट ऑफ द प्रपोज्ड हाउस इज ॲट अ डिस्टन्स ऑफ २१० मीटर्स फ्रॉम द हाय टाइड लाइन, ऑन द लँडवर्ड साइड, ॲज शोन ऑन द एन्क्लोज्ड मॅप,’ आणि त्यापुढे नकाशा करणाऱ्या संस्थेचे नाव, प्रमाण, पत्रक क्रमांक व दिनांक.

लांबट वाटले तरी हे वाक्य मोडून लहान करू नये. पुढच्या परिच्छेदांत हवे तेवढे आटोपशीर लिहावे.

आता बारकावे. पहिल्या उल्लेखात तिन्ही शब्द पूर्ण लिहावेत, तिन्हींची आद्याक्षरे मोठी ठेवावीत आणि लगेच ‘हिअरिनाफ्टर रेफर्ड टु ॲज द एचटीएल’ असे म्हणून संक्षेप बांधून घ्यावा. त्यानंतर शेवटपर्यंत संक्षेपच चालवावा. ‘हाय’ आणि ‘टाइड’ जोडून एक शब्द करू नये. मध्ये जोडरेघ देण्याची पद्धत इतरत्र असली, तरी अधिसूचनेत ती नाही आणि आपल्यालाही नको. आधी ‘द’ हे उपपद लागतेच, कारण बोलणे एका ठरलेल्या रेषेबद्दल आहे. मराठीत उपपद नसल्याने आपल्याकडून ते सर्वांत जास्त वेळा सुटते. ‘अ हाय टाइड लाइन’ लिहिल्यास अशा अनेक रेषांपैकी कुठली तरी एक, असा अर्थ होतो.

‘एचटीएल लाइन’ हे रूप तर सरकारी टिपणांतही आढळते. संक्षेपात ‘लाइन’ आधीच आहे. ती दोनदा लिहू नये. (‘सीआरझेड झोन’चे दुखणे हेच, पण ते आता बरे होण्यापलीकडे गेले आहे.)

अनेकवचनाचा प्रश्न क्वचित येतो, पण आला की अवघड असतो. मालवणजवळच्या देवबागसारख्या, एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदीची खाडी असलेल्या चिंचोळ्या पट्ट्यावर जमिनीच्या दोन्ही अंगांना रेषा असते. तेथे ‘हाय टाइड लाइन्स’ असे मोघम अनेकवचन वापरण्यापेक्षा ‘द एचटीएल अलाँग द सी’ आणि ‘द एचटीएल अलाँग द क्रीक’ अशी दोन वेगळी वाक्ये, दोन वेगळ्या अंतरांसह लिहावीत.

‘निअर’, ‘क्लोज टु’, ‘टचिंग’, ‘ॲप्रॉक्सिमेटली’ हे शब्द गाळावेत. ‘अबव्ह’ आणि ‘बिलो’ उंची दाखवतात, म्हणून त्यांच्या जागी ‘लँडवर्ड’ आणि ‘सीवर्ड’ हेच शब्द येतील. जमीन अंशतः एखाद्या पट्ट्यात येत असेल, तर ‘फॉल्स पार्टली विदिन’ असे सरळ लिहून किती क्षेत्र आत आणि किती बाहेर, ते गुंठ्यांत नव्हे तर चौरस मीटरमध्ये द्यावे. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. ‘मीटर’चे इंग्रजी स्पेलिंग सगळीकडे एकच ठेवावे.

तपासणी: वाक्यातून ‘हाय टाइड लाइन’ हे शब्द झाकून उरलेले वाचावे. अंतर, बाजू आणि नकाशा तरीही दिसत असतील, तर वाक्य उभे आहे.

टप्पा ५: सर्व कागद एका सुरात आणणे

अर्जात ‘एचटीएल’, स्थळ-आराखड्यावर ‘सी लाइन’, प्रतिज्ञापत्रात ‘हाय टाइड मार्क’ आणि ग्रामपंचायतीच्या पत्रात ‘समुद्राची हद्द’ अशी चार नावे एका फाइलमध्ये येणे ही नित्याची गोष्ट आहे. तपासणाऱ्याने ही चार नावे एकाच रेषेची मानावीत, अशी अपेक्षा धरू नये. वास्तुविशारदाला आराखड्यावरील रेषेचे नाव बदलून देण्यास सांगावे. काम पाच मिनिटांचे असते, पण न सांगता कोणी करत नाही. मराठी कागदांत शासकीय वापरातला ‘उच्चतम भरती रेषा’ हा शब्द एकदा घेतला की सगळीकडे तोच ठेवावा.

प्रतिज्ञापत्रात अंतर स्वतःच्या माहितीने सांगत आहोत, असे लिहू नये. ‘ॲज पर द मॅप’ म्हणून नकाशाचा तपशील द्यावा. मुंबईहून दोन दिवसांच्या सुटीत आलेला चाकरमानी बहुधा तालुक्याच्या ठिकाणी तयार मसुद्यावर सही करून परततो, आणि त्या मसुद्यात मागच्या अर्जदाराच्या गावाचे अंतर तसेच राहिलेले असते. सहीपूर्वी आकडे आणि गट क्रमांक मोठ्याने वाचून घ्यावेत.

टप्पा ६: त्रुटीपत्राला उत्तर

इतके करूनही ‘एचटीएलपासूनचे अंतर स्पष्ट करावे’ असे पत्र आले, तर पूर्ण खुलासा नव्याने लिहू नये. पत्राचा क्रमांक व दिनांक देऊन टप्पा ४ मधील वाक्य जसेच्या तसे उतरवावे आणि नकाशाच्या ज्या भागावर ते आधारलेले आहे त्याची मूळ प्रमाणातील प्रत जोडावी. अंतर खरोखर बदलले असेल, म्हणजे बांधकाम मागे सरकवले असेल किंवा नवा नकाशा मिळाला असेल, तर जुना आकडा, नवा आकडा आणि बदलाचे कारण तिन्ही लिहावे, आणि अर्ज, आराखडा व प्रतिज्ञापत्र यांच्या दुरुस्त प्रती एकाच वेळी दाखल करून त्या मिळाल्याची पोच घ्यावी.